प्रीसेट कसा निवडायचा, कसा लावायचा आणि कसा जुळवायचा

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर 'ट्रिमिंग पोटेन्शियोमीटर' मागितलात तर काउंटरवरचा माणूस क्षणभर थांबेल आणि विचारेल, "प्रीसेट पाहिजे का? साधा का मल्टिटर्न (अनेक वेढे फिरणारा)?" आपल्याकडे या वस्तूचं रूढ नाव प्रीसेट, म्हणून इथेही तेच वापरलं आहे. 'ट्रिमपॉट' हे बॉर्न्स कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे. मार्लन बॉर्न्स यांनी १९५२ साली कॅलिफोर्नियात ते बाजारात आणलं आणि पुढे सगळे सरसकट तेच म्हणू लागले.

प्रीसेट हा पॉटच, म्हणजे फिरवून रेझिस्टन्स बदलता येणारा पोटेन्शियोमीटरच आहे. आत रेझिस्टन्सचा एक ट्रॅक, ट्रॅकच्या दोन टोकांना दोन पाय आणि ट्रॅकवर घासत सरकणारा वायपर हा तिसरा पाय. फरक इतकाच की दांडा नसतो, स्क्रूची खाच असते, आणि तो रोज फिरवण्यासाठी बनवलेला नसतो. निळ्या चौकोनी ३२९६ प्रकाराचं डेटाशीट काढून बघा: फिरवण्याचं आयुष्य २०० फेऱ्या. आवाज किंवा पंख्याचा वेग कमीजास्त करायला प्रीसेट लावला तर काही महिन्यांत वायपर खरखरायला लागतो. त्या कामाला दांड्याचा पॉटच हवा.

आधी हे ठरवा: प्रीसेट लागणारच आहे का?

मल्टिमीटरनं निवडलेले दोन १ टक्क्याचे रेझिस्टर लावून काम होत असेल तर प्रीसेट लावू नका. सर्किटमधला हलणारा भाग हाच सर्वांत आधी बिघडणारा भाग असतो. आयसीचा संदर्भ व्होल्टेज प्रत्येक नगात वेगळा येतो, सेन्सर एकसारखे नसतात, ऑपअँपचा (सिग्नल मोठा करणाऱ्या आयसीचा) ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही आउटपुटवर दिसणारी चूक, शून्यावर आणायचा असतो, अशा ठिकाणी मात्र प्रीसेटला पर्याय नसतो. तिथेही त्याला लागेल तेवढीच हालचाल द्यायची. नवशिक्यांच्या बहुतेक चुका होतात त्या इथेच. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत गणित करून पाहू.

एलएम३१७ वर नेमके ५ व्होल्ट

एलएम३१७ ही आउटपुट व्होल्टेज ठरवून स्थिर ठेवणारी रेग्युलेटर आयसी. हे सर्किट बहुतेकांनी केलेलं असतं. आउटपुट आणि अ‍ॅडजस्ट पायाच्या मध्ये आर१, अ‍ॅडजस्ट पाय आणि ग्राउंडच्या मध्ये आर२. आउटपुट व्होल्टेज = १.२५ × (१ + आर२ ÷ आर१). इंटरनेटवरच्या नव्वद टक्के चित्रांत आर१ म्हणून २४० ओहम आणि आर२ म्हणून ५ किलोओहमचा पॉट असतो. बदलता पॉवर सप्लाय करायचा असेल तर ते ठीक आहे. ठरावीक ५ व्होल्ट हवे असतील तर तोच पॉट डोकेदुखी होतो.

५ व्होल्टसाठी आर२ लागतो ७२० ओहम. एलएम३१७ चा संदर्भ व्होल्टेज डेटाशीटप्रमाणे १.२० ते १.३० व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो. १.२० असेल तर आर२ हवा ७६० ओहम, १.३० असेल तर ६८३. म्हणजे आपल्याला प्रत्यक्षात गरज आहे ती ६८३ ते ७६० या पट्ट्याची. त्यात रेझिस्टरच्या १ टक्का चुकीची थोडी भर घाला. मग ६२० ओहमचा साधा मेटल फिल्म रेझिस्टर आणि त्याच्याशी सिरीजमध्ये २०० ओहमचा प्रीसेट, एवढ्यात भागतं. पट्टा मिळतो ६२० ते ८२० ओहम, आणि ७२० बरोब्बर मधोमध येतो. प्रीसेटची स्वतःची किंमत १० टक्क्यांनी कमी, म्हणजे १८० ओहम निघाली तरी वरचं टोक ८०० ला राहतं. काही अडत नाही.

आता दोन्ही पद्धती शेजारी ठेवून बघा. २०० ओहमचा प्रीसेट २५ वेढ्यांचा घेतला तर एका वेढ्याला ८ ओहम, म्हणजे आउटपुटवर साधारण ४२ मिलिव्होल्ट. पाव वेढा फिरवला की १० मिलिव्होल्ट. हाताला झेपेल असं काम. याउलट ५ किलोओहमचा एकवेढी पॉट साधारण २७० अंश फिरतो. एका अंशाला १८ ओहम, म्हणजे जवळपास ९६ मिलिव्होल्ट. स्क्रू-ड्रायव्हर काढून घेताना हात जेवढा हलतो तेवढ्यानंच ५.० चे ५.१ होतात.

मग ५ किलोओहमचाच, पण २५ वेढ्यांचा घेतला तर? हालचाल बारीक होईल, पण वायपरचा स्वभाव तसाच राहील. वायपर आणि ट्रॅकमधला स्पर्श कधीच शंभर टक्के स्थिर नसतो. ३२९६ च्या डेटाशीटमध्ये हा चढउतार १ टक्का किंवा ३ ओहम, यातलं जे जास्त असेल ते, इतका धरलेला आहे. ५ किलोओहमचा १ टक्का म्हणजे ५० ओहम, आणि ५० ओहम म्हणजे आउटपुटवर पाव व्होल्ट. २०० ओहमच्या प्रीसेटला हीच मर्यादा ३ ओहमची, म्हणजे १५-१६ मिलिव्होल्ट. हा आकडा सर्वांत वाईट परिस्थितीतला आहे, रोज एवढा फरक दिसणार नाही. पण दुरुस्तीला आलेल्या बोर्डावर टिचकी मारली की व्होल्टेज का उडी मारतं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

तापमानाचंही तसंच. सरमेट (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाच्या) ट्रॅकचा तापमान गुणांक साधारण अंशामागे १०० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १०० भाग. विदर्भात उघड्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सकाळ आणि दुपार यांत ३० अंशांचा फरक सहज पडतो. १०० ओहमवर बसलेला प्रीसेट तेवढ्यात ०.३ ओहम सरकेल, म्हणजे दीड मिलिव्होल्ट. ५ किलोओहमचा प्रीसेट ७२० वर बसला असेल तर दोन ओहमांहून जास्त, म्हणजे ११ मिलिव्होल्ट.

तीन पाय कसे जोडायचे

वरच्या सर्किटमध्ये प्रीसेटचे दोनच पाय लागतात, एक टोक आणि वायपर. तिसरा पाय मोकळा सोडू नका, तो वायपरला जोडा. कारण साधं आहे. कधी ना कधी वायपर ट्रॅकवरून क्षणभर उचलला जाणार. तिसरा पाय मोकळा असेल तर त्या क्षणी आर२ तुटला, एलएम३१७ चं आउटपुट थेट इनपुटच्या जवळ गेलं, आणि १२ व्होल्टवर चालणाऱ्या सप्लायमागची ५ व्होल्टची सगळी आयसी गेली. पाय जोडलेला असेल तर आर२ फार तर ८२० ओहम होईल. आउटपुट जाईल ५.५ व्होल्टच्या किंचित वर. अर्डुइनो उनोवरच्या एटीमेगा३२८पी ची कमाल सहनमर्यादा ६ व्होल्ट आहे, तो वाचतो. ५ किलोओहमचा प्रीसेट असता तर पाय जोडूनही उपयोग नव्हता. आर२ पाच हजार झाला की आउटपुट पुन्हा इनपुटला भिडणारच.

कुठल्याही सर्किटमध्ये हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: वायपर सुटला तर आउटपुट कुठल्या दिशेला जाईल? चार्जरमध्ये व्होल्टेज वाढायला नको, हीटरमध्ये तापमान वाढायला नको. दिशा उलटी येत असेल तर प्रीसेटची जागा बदला.

तिन्ही पाय वापरले, म्हणजे दोन टोकांना व्होल्टेज देऊन वायपरवरून भाग घेतला, तर प्रीसेट जास्त चांगला वागतो. ट्रॅक तापला तर दोन्ही बाजू सारख्याच बदलतात, प्रमाण तेच राहतं. शिवाय वायपरमधून जवळजवळ करंटच जात नसेल तर स्पर्शाचा रेझिस्टन्स तीन ओहम असो की तीस, फरक पडत नाही. त्यामुळे जिथे निवड तुमच्या हातात आहे तिथे ही पद्धत घ्या. समजा एलएम३९३ कंपॅरेटरला (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीला) ५ व्होल्टच्या सप्लायवर २ ते ३ व्होल्टच्या दरम्यानचा थ्रेशोल्ड, म्हणजे तुलनेची पातळी, द्यायचा आहे. नुसता १० किलोओहमचा प्रीसेट लावलात तर ५ व्होल्ट २५ वेढ्यांत विभागले जातील, वेढ्याला २०० मिलिव्होल्ट. त्याच्या वर २० किलोओहम आणि खाली २० किलोओहम लावा. आता प्रीसेट फक्त २ ते ३ व्होल्टमध्ये फिरेल, वेढ्याला ४० मिलिव्होल्ट. वायपरपासून ग्राउंडला (किंवा ज्या बाजूला सर्किट सुरक्षित राहतं त्या बाजूला) १ मेगाओहमचा रेझिस्टर लावा, म्हणजे वायपर सुटला तरी इनपुट अधांतरी राहणार नाही. त्यानं व्होल्टेज एखादा टक्का खाली येईल, तो जुळवताना आपोआप भरून निघतो.

ऑपअँपचा ऑफसेट जुळवताना एक सापळा आहे. ७४१ ला पाय १ आणि ५ मध्ये १० किलोओहमचा प्रीसेट लावतात आणि वायपर निगेटिव्ह सप्लायला. टीएल०७१ ला १०० किलोओहम, वायपर निगेटिव्हलाच. एलएफ३५६ ला मात्र २५ किलोओहम आणि वायपर पॉझिटिव्ह सप्लायला. आठ पायांची आयसी, बेस तोच, म्हणून एक काढून दुसरी लावली की ऑफसेट जुळत नाही, आणि आयसीही जाऊ शकते. बदलताना डेटाशीट बघाच.

वॉट आणि जळणारं टोक

३२९६ ची क्षमता अर्धा वॉट, पण ती पूर्ण ट्रॅकवर पसरलेली. वायपर जितका टोकाकडे, तितका वापरातला ट्रॅक छोटा आणि तितकीच क्षमता कमी. म्हणून वॉट न मोजता करंट मोजा: कमाल करंट = (वॉट ÷ पूर्ण रेझिस्टन्स) चं वर्गमूळ. अर्धा वॉट आणि १० किलोओहमला ७ मिलिअँपिअर. १ किलोओहमला २२, २०० ओहमला ५०.

एलईडीचा उजेड कमी करायला १० किलोओहमचा प्रीसेट सिरीजमध्ये लावणं ही नेहमीची चूक. सुरुवातीचा बराच वेळ एलईडी मंदच दिसतो, म्हणून माणूस फिरवत जातो. शेवटच्या टप्प्यात उजेड एकदम वाढतो, करंट २० मिलिअँपिअर होतो, आणि ट्रॅकमध्ये उरलेला असतो फक्त १०० ओहमचा तुकडा. त्यात ४० मिलिवॉट उष्णता निर्माण होते, आणि ट्रॅकच्या त्या शंभराव्या भागाची क्षमता फक्त ५ मिलिवॉट. टोक काळं पडतं. मग प्रीसेट मध्यावर नीट चालतो पण टोकाला संपर्कच देत नाही, आणि नवशिका आयसी बदलत बसतो.

दुकानात काय मागायचं

तीन आकड्यांचा कोड वाचता आला पाहिजे. पहिले दोन आकडे जसेच्या तसे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं. १०३ म्हणजे १० किलोओहम, ५०२ म्हणजे ५ किलोओहम, २०१ म्हणजे २०० ओहम, १०४ म्हणजे १०० किलोओहम. रेझिस्टन्सच्या किमती बहुतेक १, २, ५ याच पायरीनं येतात. ४७० ओहमचा प्रीसेट शोधत हिंडू नका, ५०० चा घ्या.

३२९६डब्ल्यू हा २५ वेढ्यांचा, तिन्ही पाय एका ओळीत, स्क्रू वरून. ३२९६एक्स चा स्क्रू बाजूला असतो. बोर्ड पेटीत उभा बसणार असेल तर कुठला स्क्रू हाताला लागेल हे सोल्डर करण्याआधी बघा, नंतर फार उशीर झालेला असतो. ३००६पी हा लांबट, १५ वेढ्यांचा. ३३६२ छोटा, चौकोनी, एका वेढ्याचा, सेन्सरच्या तयार मॉड्यूलवर निळ्या रंगात दिसतो तो. आरएम०६५ हा उघडा, कार्बन ट्रॅकचा, सगळ्यांत स्वस्त. १६×२ एलसीडीचा कॉन्ट्रास्ट वगैरे, जिथे डोळ्याला बरं दिसलं की झालं, तिथे तो पुरे. मोजमापाच्या सर्किटमध्ये नको: धूळ आणि दमट हवा थेट ट्रॅकवर. कोकणात पावसाळा गेला की फरक कळतो.

३२९६ हा आता आकाराचा प्रकार झाला आहे, अनेक कंपन्या तो बनवतात. त्यामुळे नुसत्या नंबरावर जाऊ नका. दहा नग घेतलेत तर दहाही मोजा.

सोल्डर करण्याआधी पाच मिनिटं

मल्टिमीटर टोकाच्या दोन पायांना लावा. २०० ओहमचा प्रीसेट १८० ते २२० दाखवायला हवा आणि स्क्रू फिरवला तरी हा आकडा हलता कामा नये. मग एक प्रोब वायपरला घ्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आकडा एकसारखा चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, 'ओएल' (संपर्क तुटल्याची खूण) आलं, तर तो नग बाजूला ठेवा. मल्टिटर्नला टोकाचा अडसर नसतो. वायपर शेवटाला पोचला की आतला क्लच घसरतो, बारीक टिक-टिक ऐकू येते, स्क्रू मात्र फिरतच राहतो. हे माहीत नसल्यामुळे लोक 'खराब आहे, गोल गोल फिरतोय' म्हणून चांगला प्रीसेट परत करतात.

सामान्यतः घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की वायपर पाय ३ कडे जातो. पाय जोडताना अशी बाजू निवडा की घड्याळाच्या दिशेनं फिरवल्यावर आउटपुट वाढेल. दुसरा कोणी दुरुस्त करायला बसला की त्याची हीच अपेक्षा असते.

बसवण्याआधी वायपर मधोमध, आपल्या उदाहरणात १०० ओहमवर, आणून ठेवा. बोर्डावर बसल्यावर हे मोजायला गेलात तर शेजारचे रेझिस्टरही मोजण्यात येतात. सोल्डरिंगला प्रत्येक पायाला तीन-चार सेकंद पुरे. बोर्ड धुणार असाल तर उघडा प्रीसेट धुऊन झाल्यावर लावा. बंद प्रीसेटसुद्धा गरम असताना थंड आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) बुडवू नका. आतली हवा आकसते आणि द्रव आत ओढला जातो.

जुळवताना

१. घरातला लाइन टेस्टर बाजूला ठेवा, त्याचं पातं जाड पडतं आणि खाच खराब करतं. साधारण २ मिमी रुंदीचं पातं, शक्य तर प्लॅस्टिकचं किंवा सिरॅमिकचं, घ्या.

२. प्रत्यक्षात जेवढा लोड असणार आहे तेवढा जोडा. एलएम३१७ ला नियमन टिकवायला किमान करंट लागतो, डेटाशीटप्रमाणे जास्तीत जास्त १० मिलिअँपिअर. आर१ २४० असताना त्यातून ५ च जातो, त्यामुळे बिनलोड मोजलेलं व्होल्टेज फसवं असू शकतं. पहिल्यांदा मात्र मौल्यवान बोर्ड न जोडता साधा रेझिस्टर लोड म्हणून लावा. ४७ ओहम, २ वॉट चालेल.

३. दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. गार सर्किट जुळवलं तर पेटी बंद केल्यावर पुन्हा उघडावी लागते.

४. एकाच दिशेनं जवळ या. पुढे गेलात तर अर्धा वेढा मागे येऊन पुन्हा त्याच दिशेनं चढा. आतल्या आट्यांना थोडी ढिलाई असते.

५. स्क्रू-ड्रायव्हर उचला, बोर्डावर पेन्सिलीनं हलकी टिचकी मारा, मग आकडा वाचा. पातं टेकलेलं असताना दिसतो तो आकडा खरा नव्हे.

६. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, आणि मगच स्क्रूच्या कडेला नेलपॉलिशचा एक थेंब. खाच बुजवू नका. उघड्या प्रीसेटवर थेंब ट्रॅकवर गेला तर काम संपलं, तिथे नेलपॉलिश नकोच.

आणि ५.००० च्या मागे लागू नका. स्वस्त मल्टिमीटरची अचूकता अर्धा टक्का धरली तरी तो २५ मिलिव्होल्ट इकडे-तिकडे सांगतो. ४.९८ ते ५.०२ आलं की थांबा.

नेहमी दिसणारे घोटाळे

एलएम२५९६ च्या तयार बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) मॉड्यूलवर 'कितीही फिरवलं तरी व्होल्टेज बदलत नाही' ही तक्रार फार ऐकू येते. मॉड्यूल खराब नसतं. त्यावरचा १० किलोओहमचा मल्टिटर्न प्रीसेट ३५ व्होल्टपर्यंतचा पट्टा धरून लावलेला असतो. तुम्ही इनपुट १२ व्होल्ट दिलेलं. इनपुटपेक्षा जास्त आउटपुट मिळू शकत नाही, म्हणून वरचे कितीतरी वेढे निकामी असतात. बहुतेक मॉड्यूलवर घड्याळाच्या उलट दिशेनं दहा-पंधरा, कधी वीस वेढे न कंटाळता फिरवा. व्होल्टेज उतरू लागेल. तोपर्यंत पुढे काहीही जोडू नका.

सीसीटीव्हीच्या १२ व्होल्ट एसएमपीएसवर (मेन्सवर चालणाऱ्या पॉवर सप्लायवर) टर्मिनलशेजारी छोटा प्रीसेट असतो. त्याचा पट्टा मुद्दामच थोडा ठेवलेला असतो. लांब वायरमुळे कॅमेऱ्याला व्होल्टेज कमी पडत असेल तर थोडं वाढवता येतं, पण पातं अखंड प्लॅस्टिकचंच हवं. पत्र्याच्या जाळीआड काही सेंटिमीटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतं.

जुन्या उपकरणातला प्रीसेट हलवण्याआधी मार्करनं खूण करा आणि फोटो काढा. खरखरत असेल तर वीज बंद करून काँटॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मारा, पाच-सहा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा आणि खुणेवर परत आणा. शिवणयंत्राचं तेल घालू नका, त्यावर धूळ बसून पेस्ट होते. तरी उडी मारत असेल तर सरळ बदला.

सगळे वेढे संपले, टिक-टिक ऐकू आली आणि ५ व्होल्ट आलेच नाहीत, तर मोठा प्रीसेट आणायला धावू नका. आपण पट्टा मोजून ठरवला होता, म्हणजे चूक दुसरीकडे आहे. आउटपुट १.६ व्होल्टच्या आसपास अडकलं असेल तर आर१ चे पट्टे उजेडात बघा. २४० ओहमचा १ टक्क्याचा रेझिस्टर लाल-पिवळा-काळा-काळा, २.४ किलोओहमचा लाल-पिवळा-काळा-तपकिरी. ट्यूबच्या उजेडात काळा आणि तपकिरी सहज सारखे वाटतात.